पेन्सिलीची नोंद

*ताई,*

*माझे बाबा १९४८ चे. तलाठी म्हणून नोकरीला लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. २०१३ साली पाय मोडून ते तीन महिने घरात पडून होते, तेव्हा मी पुण्याहून त्यांना 'गेम ऑफ थ्रोन्स'ची पाचही पुस्तकं आणून दिली. वाटलं होतं, दहा पानं वाचून ठेवून देतील. त्यांनी डिक्शनरी उशाशी घेऊन वर्षभरात पाचही संपवली. इतकी घराणी, इतके वारस, म्हणून एक मोठी वही घातली आणि पट्टी धरून रकाने आखले: घराणं, मयताचं नाव, वारस, हरकत कोणाची, शेरा. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी जॉन स्नोवर त्याचीच माणसं सुरे चालवतात. त्याच्या ओळीपुढे शेऱ्यात बाबांनी लिहून ठेवलंय, 'निर्णय प्रलंबित'. त्याला बारा वर्षं होऊन गेली, सहावं पुस्तक अजून आलेलंच नाही.*

*टीव्हीवरची मालिका पाचव्या सीझनपर्यंत आम्ही दोघांनी मिळून पाहिली. पुढे ती पुस्तकांना मागे टाकून निघाली तेव्हा बाबा म्हणाले, "पुस्तक आलं की बघू." तेव्हापासून घरात दंडकच आहे, त्यांच्यासमोर शेवटाचा विषय काढायचा नाही.*

*गेल्या दिवाळीत त्यांनी ती वही काढली आणि चिडले, पट्टीनं आखलेले रकाने वाकडे कसे दिसतात म्हणून. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे खराब होत चाललाय. इंजेक्शनं चालू आहेत. आहे ती नजर जमेल तितकी टिकवायची, गेलेली परत येणार नाही. परवा सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "सहाव्याची काही बातमी गं?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.*

*दादा म्हणतो, संगणकाला सांगून सहावं पुस्तक लिहून घेऊ, मोठ्या अक्षरात छापू, वर छानसं कव्हर घालू आणि बाबांना देऊ. "त्यांना काय कळणार? खूश होतील." वहिनी म्हणते, मालिकेचे उरलेले सीझन दाखवून टाका आणि विषय संपवा. मी मात्र त्या लेखकावर इतकी चिडले आहे की माझी मलाच लाज वाटते. लोकांची केवढी खरी दुःखं असतात आणि मी एका गोष्टीच्या पुस्तकासाठी रडते. काय करू?*

*— एक मुलगी, कराड*

---

प्रिय लेकी,

तू ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. आधी एक गोष्ट. हे उत्तर तू बाबांना वाचून दाखवलंस तरी चालेल. ती पाच पुस्तकं मीही वाचली आहेत, मालिकाही शेवटपर्यंत पाहिली आहे. पण पाचव्या पुस्तकापुढचं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही. तुमच्या घरचा दंडक मी मोडणार नाही.

आता दादाचं. त्याचा हेतू वाईट नाही. बापाला आनंद व्हावा यासाठीच त्याची धडपड आहे. तरी माझं स्पष्ट मत आहे की हे करू नका, आणि याचं कारण मला लहानपणीच कळलेलं आहे.

मी सातवीत होते. आमच्या गावच्या वाचनालयात एक ऐतिहासिक कादंबरी होती, तिचा शेवटचा फर्मा गळालेला, म्हणजे सोळा पानं नाहीत. नायक किल्ल्याच्या चोरवाटेत अडकलाय, दोन्ही तोंडांवर शत्रू, हातातला पलिता विझत आलेला, आणि पान उलटलं की थेट पुठ्ठा. पुठ्ठ्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. मी रडवेली होऊन वाचनालयाच्या काकूंकडे गेले. त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि पुढची सगळी गोष्ट सांगितली. नायकाची बहीण वरच्या खिडकीतून दोर सोडते, तो चढून येतो, दोघं घोड्यावरून निघून जातात. त्या बहिणीनं लुगड्याच्या पदराला पीळ घालून दोर कसा वाढवला, तेसुद्धा त्यांनी हातवारे करून दाखवलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्या बहिणीबद्दल मैत्रिणींना सांगत होते.

वीसेक वर्षांनी रद्दीच्या दुकानात तीच कादंबरी मला सगळ्या पानांसह मिळाली. तिथेच उभ्या उभ्या शेवट वाचला. नायक चोरवाटेतच मरतो. दोर नाही, खिडकी नाही, बहीण तर आख्ख्या पुस्तकात नाही.

काकूंनी माझ्यासाठी त्याला वाचवलं होतं. प्रेमानं वाचवलं होतं, हे मला तिथे रद्दीच्या ढिगासमोरसुद्धा कळत होतं. पण पायाखालचं काहीतरी सरकलं ते सरकलंच. त्यांनी नुसतं एवढं म्हटलं असतं ना, की "पोरी, पुढचं मलाही माहीत नाही, पण मला वाटतं असं झालं असेल," तरी मी तितक्याच ओढीनं ऐकलं असतं आणि ती बहीण माझ्यापाशी कायमची राहिली असती. मी विचारायला जाणार तर काकू तोवर गेल्या होत्या.

आणि मी तर बारा वर्षांची पोर होते. तुझे बाबा मंडळ अधिकारी होते. जन्मभर माणसं त्यांच्यासमोर खोटे वारस उभे करत आली असतील आणि त्यांनी ते ओळखले असतील. ज्या माणसानं घराण्याघराण्याची नोंद शेऱ्यासकट ठेवली आहे, त्याला बनावट पुस्तक पन्नास पानांत कळेल. आणि कळूनही, मुलानं एवढं हौसेनं केलं म्हणून ते काही बोलणार नाहीत. पुस्तक वाचून झाल्यासारखं करतील. लेकी, मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या चित्राची.

दादाला आणखी एक सांग. हे लेखक, जॉर्ज आर. आर. मार्टिन, सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ज्या लेखकांनी आपल्या पुस्तकांवर परवानगीशिवाय संगणकाला शिकवल्याबद्दल न्यायालयात दावा लावला, त्यांच्यातले एक आहेत. कायदा काय म्हणायचा ते म्हणो. पण ज्याचं पुस्तक बाबा वाट पाहून वाचणार, त्याच्याच नावाचं कव्हर त्याच्या मर्जीविरुद्ध दुसऱ्याच मजकुरावर घालायचं, हे बाबांना पटेल का? त्यांच्या भाषेत याला बनावट दस्त म्हणतात.

दुसऱ्यानं गोष्ट पुरी करणं यात मात्र काही पाप नाही. आपण मराठीत 'कादंबरी' हा शब्द रोज वापरतो, तो मुळात एका अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाचं नाव आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारी बाणभट्ट होता. तो 'कादंबरी' लिहिता लिहिता वारला आणि गोष्ट अधांतरी राहिली. मग त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं, उत्तरभाग लिहिला. त्याच्या आरंभीच तो सांगतो की वडील गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथेचा धागाही तुटला. ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना झालेलं दुःख पाहून मी हे काम हाती घेतलं, कवित्वाच्या गर्वानं घेतलेलं नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते. तेराशेहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी लोकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला दिसलं की गोष्ट अपुरी राहिली म्हणून ही माणसं दुःखी आहेत. त्यानं ते दुःख 'गोष्टीच्या पुस्तकासाठी कसलं रडायचं' म्हणून उडवून लावलं नाही. त्याला ते इतकं खरं वाटलं की त्यानं त्यासाठी बापाची लेखणी उचलली. तुला तुझ्या रडण्याची लाज वाटते ना? भूषणभट्टाला वाटली नसती.

अलीकडचं उदाहरण द्यायचं तर 'द व्हील ऑफ टाइम' या मोठ्या मालिकेचे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले. त्यांची पत्नीच त्यांची संपादक. तिनं ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं, आणि जॉर्डन यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून त्यानं तीन पुस्तकं लिहून २०१३ मध्ये मालिका पुरी केली. कव्हरवर दोघांचीही नावं आहेत. कोणी कुठवर लिहिलं हे वाचकाला ठाऊक आहे. माझा दादाला एवढाच मुद्दा आहे. शेवट रचायचा असेल तर रचा, पण बाबांच्या समोर, बाबांना सांगून रचा.

आता तुझ्या रागाकडे येते. तो राग मला परका नाही.

मार्टिन यांनी हे लिहायला घेतलं १९९१ मध्ये, तेव्हा तीन पुस्तकांची गोष्ट ठरली होती. पहिलं आलं १९९६ मध्ये, दुसरं १९९८ मध्ये, तिसरं २०००मध्ये. तोवर कुणाला तक्रार करायला जागा नव्हती. तिसऱ्यानंतर त्यांना गोष्टीत पाच वर्षांची उडी घ्यायची होती, म्हणजे लहान पोरं मोठी होतील. ती उडी जमेना, म्हणून केलेलं काम बाजूला ठेवून त्यांनी मधली वर्षं लिहायला घेतली. ती इतकी फुगली की एका पुस्तकाची दोन करावी लागली. चौथं २००५ मध्ये आलं आणि त्याच्या शेवटी त्यांनी लिहिलं की उरलेला अर्धा भाग पुढच्या वर्षी येईल अशी मनापासून आशा आहे. तो आला जुलै २०११ मध्ये. तोपर्यंत मालिकेचा पहिला सीझन दाखवूनसुद्धा झाला होता.

त्यांच्या लिहिण्याची रीतही या उशिराच्या मुळाशी आहे. ते म्हणतात की लेखक दोन प्रकारचे असतात. काही वास्तुविशारद, म्हणजे घर बांधायच्या आधी नळाची जागासुद्धा नकाशावर ठरवणारे. काही माळी, म्हणजे बी लावायचं, पाणी घालायचं आणि काय उगवतं ते बघायचं. स्वतःला ते माळी म्हणवतात. पहिल्या पुस्तकात आठ जणांच्या नजरेतून गोष्ट चालते, पाचव्यापर्यंत हा आकडा दुपटीवर जातो. प्रत्येकजण वेगळ्या गावात, वेगळ्या भांडणात, आणि कोण कुठे कधी पोचतो यावर दुसऱ्याचं नशीब अवलंबून. तुझ्या बाबांना हे चटकन कळेल. एका खातेफोडीत तीस हिस्सेदार असले, त्यातले दहा परगावी, पाच वयानं अज्ञान आणि दोघे एकमेकांचं तोंड बघत नसले, की कागद पुढे सरकत नाही. यात तलाठी आळशी असतो असं नाही.

२ जानेवारी २०१६ ला त्यांनी एक निवेदन लिहिलं होतं, ते मला अजून आठवतं. सहावं पुस्तक मालिकेच्या सहाव्या सीझनच्या आधी यावं म्हणून प्रकाशकानं ऑक्टोबरअखेरची मुदत दिली होती. ती हुकली. मग वर्षअखेरची दिली, तीही हुकली. पुस्तक झालेलं नाही, हे त्यांनी सरळ लिहिलं, आणि तुमच्यापेक्षा माझी निराशा जास्त आहे, असंही. माणूस खचलेला आहे हे ओळीओळीतून दिसत होतं. त्यानंतर २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की अकरा-बाराशे पानं झाली आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा विचारलं तर म्हणाले, अकराशे पानं झाली आहेत, अजून काही शे बाकी आहेत. म्हणजे वर्ष गेलं आणि आकडा तिथेच.

मधल्या काळात त्यांनी त्याच जगाचा जुना इतिहास सांगणारं एक जाडजूड पुस्तक २०१८ मध्ये काढलं. त्यावरून २०२२ पासून दुसरी मालिका सुरू झाली. तेव्हा मीही चिडले होते. ज्याची वाट पाहतोय ते सोडून बाकी सगळं येतंय, असं वाटायचं. हा राग मला चुकीचा वाटत नाही. 'पुढे चालू' असं लिहून ज्यानं गोष्ट विकली, त्यानं वाचकाला शब्द दिलेला असतो. लेखक तुमचं काही देणं लागत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो देणं लागतो. फक्त हे देणं दमदाटीनं वसूल होत नाही, कारण जे द्यायचं ते त्याच्याही हातात अजून आलेलं नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात पहिल्याच ओळीत आहे, तुझ्या ध्यानात आली की नाही कोण जाणे. मार्टिन यांचा जन्मही १९४८ चाच, सप्टेंबरातला. दोघं एका वर्षाचे. एकजण कराडला खिडकीपाशी वही डोळ्यांजवळ धरून बसलाय. दुसरा अमेरिकेतल्या सांता फे नावाच्या गावात, इंटरनेटला न जोडलेल्या जुन्या संगणकावर, वर्डस्टार नावाच्या ऐंशीच्या दशकातल्या प्रोग्रॅममध्ये तीच घराणी घेऊन बसलाय. मला हे ध्यानात आल्यापासून माझा राग काही तसा राहिला नाही. म्हातारपणी हातातलं काम उरकत नाही तेव्हा माणसाला काय वाटतं, ते तुझे बाबा तुला माझ्यापेक्षा नीट सांगतील.

स्टीफन किंग यांची 'द डार्क टॉवर' ही पुस्तकमालिका १९८२ ते २००४ अशी बावीस वर्षं येत राहिली. ती चालू असताना कर्करोगानं आजारी असलेल्या एका आजीबाईंचं त्यांना पत्र आलं होतं. मी फार दिवस राहणार नाही, शेवट मला एकटीला सांगा, मी कुणाला बोलणार नाही, असं. किंग लिहितात की माहीत असता तर मी सांगितला असता, पण शेवट मलाच माहीत नव्हता. मला त्या आजींची फार आठवण येते. त्यांनी लेखकाला विचारलं, आणि त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. तुझ्या बाबांनी मात्र लेखकाला विचारलेलं नाही. त्यांनी तुला विचारलं, "सहाव्याची काही बातमी गं?" हा प्रश्न तुझा आहे आणि त्याचं उत्तर तुझ्याजवळ आहे. खरं तेच सांग. "बातमी नाही बाबा. तारीख नाही. येईल की नाही, तेही कुणी सांगू शकत नाही." त्यांनी चाळीस वर्षं लोकांना 'तुमचा कागद अजून आला नाही' हे तोंडावर सांगितलं आहे. ते ऐकून ते मोडून पडणार नाहीत. तू स्वयंपाकघरात जाऊन रडतेस, हे त्यांच्या कानावर जातच असेल. भिंती पातळ असतात.

वहिनीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण 'दाखवून टाका' हा शब्द मला खटकला. मालिका पाहायची की नाही हे घरानं ठरवायचं नाही, बाबांनी ठरवायचं. त्यांना ठरवता यावं म्हणून नीट माहिती दे. मालिका बनवणाऱ्या बेनिऑफ आणि वाइस या दोघांना मार्टिन यांनी शेवटाकडच्या काही मोठ्या गोष्टी आधी सांगून ठेवल्या होत्या. म्हणजे तिचा शेवट अगदीच परका नाही. पण २०१६ पासूनची वाट मुख्यतः त्या दोघांची आहे, आणि पुस्तकांतली कित्येक माणसं मालिकेत नाहीतच. तुझ्या बाबांच्या वहीतल्या निम्म्या ओळी तिथे सापडणार नाहीत. शेवटचा सीझन २०१९ मध्ये सहाच भागांत उरकला. तो लोकांना इतका बोचला की पुन्हा बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी एका अर्जावर सह्या केल्या. माझं मत विचारशील तर काही भाग मला फार आवडले आणि काही बघताना कुणीतरी शेवटच्या गाडीला धावत सुटल्यासारखं वाटलं. हे सगळं त्यांना सांग आणि विचार. "बघूया" म्हणाले तर टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची टाकून दे आणि शेजारी बस. "नको" म्हणाले तर तो शेवटचा शब्द. दहा वर्षं त्यांनी जपलेली ती गोष्ट आहे.

डोळ्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते तुझे डॉक्टर बघताहेत. मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यांत कमी दिसणाऱ्यांसाठी वेगळा विभाग असतो. तिथे भिंगं आणि दिव्यांची सोय बघून देतात. तिथे एकदा जाऊन या, आणि इंजेक्शनाची तारीख चुकवू नका.

आणि आता मला खरं जे सांगायचं आहे ते. तू सहाव्या पुस्तकाची वाट बघते आहेस, पण बाबांची नजर पहिल्या पुस्तकासाठीसुद्धा पुरणार नाही, हे तुला आतून ठाऊक आहे. मग वाट कशाची बघायची? आजपासून वाच. मोठ्यानं, त्यांच्यासमोर बसून, पहिल्यापासून. ध्वनिपुस्तकंही आहेत आणि उत्तम आहेत. रॉय डॉट्रिस या ब्रिटिश नटानं ती वाचली. पहिल्याच पुस्तकात २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद झाली. तो २०१७ मध्ये वारला. सहाव्या पुस्तकाची वाट बघता बघता गेलेल्यांत तोही आला. दुपारी तू कामावर असशील तेव्हा बाबांना तो ऐकव. पण संध्याकाळचा तास तुझा ठेव. इंग्रजी वाच, अडलं की मराठीत सांग. नावं चुकलीस तर ते दुरुस्त करतीलच. फोनवरून जमत असेल तर फोनवरून वाच, पण रोज वाच.

आणि ती वही काढ.

माझे मामा तलाठी होते, म्हणून मला एक गोष्ट माहीत आहे, जी बाबांना सांगायला लागणार नाही. जमिनीचा फेरफार धरला की तो लगेच पक्का होत नाही. हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत असते, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. तोवर सातबाऱ्यावर पेन्सिलीची नोंद ठेवायची पद्धत होती. मामांच्या खिशात नेहमी दोन गोष्टी असायच्या, शाईचं पेन आणि टोक केलेली पेन्सिल. लहानपणी मी विचारलं होतं, पेन्सिलीनं का लिहिता, पुसलं जाईल की. मामा म्हणाले होते, "नोंद खरीच आहे गं, फक्त निकाल यायचाय."

बाबांना म्हण, शेऱ्याच्या रकान्यात 'निर्णय प्रलंबित' आहे तिथे आता पेन्सिलीनं नोंद घ्या. वारस कोण? हरकत कोणाची? तख्त कुणाच्या नावावर चढवायचं? चाळीस वर्षं वारसांचे दावे ऐकलेला माणूस आहे. पाच पुस्तकांतला सगळा पुरावा त्याच्यासमोर आहे. एकेक ओळ घेऊन सुनावणी चालवा. तू वाच, ते बोलतील, त्यांना लिहायला त्रास होत असेल तर तू लिही. दादाला त्याचा संगणक घेऊन बसू दे, तो तख्तावर हक्क सांगणाऱ्या डॅनेरिसच्या वतीनं बाजू मांडेल. वहिनीला शेवट ठाऊक आहे, तिला मात्र तोंड मिटून बसावं लागेल, आणि ते तिला जमेल, इतकी वर्षं जमलंय. बाबा जो निकाल देतील तो बाबांचा म्हणून, त्यांच्या नावानं, पेन्सिलीत राहील. पुढे सहावं पुस्तक आलंच, तर तू ते त्यांना वाचून दाखवशील आणि मग काय खोडायचं, काय शाईनं पक्कं करायचं, ते तेच सांगतील. तो त्यांचा अधिकारच आहे.

सुरुवात कुठून करायची असं विचारशील, तर प्रस्तावना सोडून पुढचं पहिलं प्रकरण घे, ब्रानचं. सात वर्षांचा पोर बापाबरोबर घोड्यावरून जातो आणि परतीच्या वाटेवर पुलापलीकडे बर्फात मेलेली लांडगीण आणि तिची पिल्लं सापडतात. आधी पाच सापडतात, आणि निघता निघता जॉनला सहाव्याचा आवाज येतो, वेगळं पडलेलं, पांढरंशुभ्र. तिथे जरा थांब आणि बाबांना बोलू दे. त्यांना त्या पिल्लाबद्दल काहीतरी सांगायचं असणार, मला खात्री आहे.

जॉन स्नोच्या ओळीत त्यांनी काय नोंद घेतली ते मला कळव. माझ्याकडेही एक पेन्सिलीची नोंद आहे, मालिका बघायच्या आधी केलेली, तारीख घालून पाकिटात ठेवलेली. बाबांची आली की माझी पाठवते.

तुझी,
ताई